पाचूला दिलेला रंग

आमच्या घरी कुणी पन्न्याचा विषय काढला की मी उठून दुसऱ्या खोलीत जाते. मुलाच्या साखरपुड्यात व्याह्यांनी करंगळीतली पन्न्याची हिरवी अंगठी सगळ्यांना दाखवली, बुधाची पीडा कशी टळली ते रंगवून सांगू लागले, तेव्हाही मी अशीच उठून स्वयंपाकघरात गेले होते. मुलाला वाटलं, आईला चक्कर आली. चक्कर कसली? संताप आला होता. वय झालं की राग निवतो म्हणतात, तसं माझं काही झालेलं नाही. माझा राग नुसता जुना झालाय. तो कुणाकुणावर आहे हे एकदा नीट लिहून ठेवावं म्हणून हे प्रकरण लिहायला घेतलं आहे. त्यात पहिलं नाव माझ्या वडिलांचं आहे, हे आधीच सांगून टाकते.

बाबा उज्जैनच्या एका कापड गिरणीत रंगखात्यात केमिस्ट होते. आमचं भाड्याचं घर गिरणीपासून चालत दहा मिनिटांवर, दोन खोल्या, मागे न्हाणीघर आणि सामाईक अंगण. सकाळचा भोंगा झाला की आई पोह्यांना फोडणी द्यायची. पोह्यांवर शेव, कांदा, वरून जिरावणाचा मसाला भुरभुरलेला. बाबा उभ्याउभ्याच खायचे आणि सायकलवर टांग टाकायचे. ते परत यायचे तेव्हा आज गिरणीत कुठला रंग चालला होता हे त्यांच्या नखांवरून आम्हाला कळायचं. रंग या गोष्टीवर त्यांचा जीव होता. बाजारात एखाद्या बाईच्या लुगड्याकडे ते टक लावून बघायचे आणि आई ओशाळी व्हायची. “अहो, काय हे!” “अगं, लुगडं बघतोय. ही किरमिजी दोन धुण्यांत जाणार.” मग टीव्हीवर रोज सांगू लागले की देश आता खुला होतोय, बाहेरचा माल येणार, सगळ्यांचे दिवस पालटणार. आमच्या कोपऱ्यावर नवी एसटीडीची काचेची टपरी आली, गल्लीत केबलच्या तारा आल्या आणि गिरणीच्या फाटकाला कुलूप लागलं. भोंगा बंद झाल्यावर कितीतरी दिवस आई पोहे भिजवून तशीच बसून राहायची. फोडणी कधी द्यायची ते तिला कळेनासं झालं होतं. बाबा अंगणात खुर्ची टाकून दिवसभर बसायचे. त्यांची नखं स्वच्छ झाली होती आणि ती मला बघवत नव्हती.

अशात एक दिवस जुन्या शहरातला एक रत्नांचा व्यापारी घरी आला. त्याचं नाव मी लिहीत नाही, फुकटची जाहिरात कशाला? आम्ही त्याला शेठजी म्हणायचो. पांढरा झब्बा, कपाळावर भस्म, बोलणं मधासारखं. त्याने कापडाची एक पोटली उघडून टेबलावर खडे ओतले. फिकट, दुधाळ, आतून भेगाळलेले. “भाईसाहब, आप तो रंग के उस्ताद हैं। इनमें ज़रा जान डाल दीजिए।” बाबांनी एक खडा उजेडात धरला, फिरवून पाहिला, आणि कितीतरी महिन्यांनी त्यांच्या चेहऱ्यावर मला पूर्वीचे बाबा दिसले.

मी तेव्हा बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होते. बाबांनी लायब्ररीतून खनिजांवरची पुस्तकं आणली आणि रोज जेवताना माझी शिकवणी सुरू झाली. ते म्हणायचे, “वासू, हे बेरिल. खाणीत याचे सहा बाजूंचे खांब सापडतात, पेन्सिलीसारखे. शुद्ध असलं तर याला रंगच नसतो. त्यात लोखंडाचा अंश शिरला की निळसर होतं, मँगनीजने गुलाबी होतं, आणि क्रोमियम शिरलं की हिरवं. मग त्याला आपण पाचू म्हणतो आणि हे इथले लोक पन्ना.” मी विचारलं, आपल्याकडच्या पन्ना जिल्ह्यात सापडतो म्हणून पन्ना का? ते खो खो हसले. “तिथे हिरे निघतात, वेडे. हिरवं बेरिल इकडे राजस्थानात अजमेरकडे, नाहीतर आफ्रिकेत, आणि सगळ्यात देखणं दक्षिण अमेरिकेत.” काचेवर ओरखडा काढायला त्यांनी मला एक खडा दिला. बेरिल गारगोटीपेक्षाही कठीण, पण भेगांमुळे ठिसूळ, हातातून पडलं तर टवका उडायचा. याच दगडातून एक हलका धातू काढतात, तो विमानांच्या आणि रॉकेटांच्या कामाला येतो, हे सांगताना त्यांचा वरणात कालवलेला भात निवून जायचा. भिंगातून खड्याच्या आत पाहिलं की शेवाळ, पिसं, धुकं असं काय काय दिसायचं. खरं सांगते, त्या दिवसांत मी फार सुखात होते. माझ्या मैत्रिणींचे वडील त्यांच्याशी असं बोलत नसत.

कामही आम्ही दोघं मिळून करायचो. न्हाणीघराशेजारच्या पडवीत स्टोव्ह, त्यावर तवा, तव्यात वाळू. वाळूत खडे हळूहळू गरम करायचे आणि कोमट तेलाच्या वाटीत सोडायचे. तेल भेगांत शिरलं की भेगा दिसेनाशा होतात. इतकं सगळेच जव्हेरी करतात, त्यात लपवालपवी नाही. पण बाबा तेलात विरघळणारा हिरवा रंग त्यात मिसळायचे. पहिले पंधरा दिवस त्यांना हवी ती छटा येईना. मग एका दुपारी त्यांनी मला हाक मारली, आणि बशीत कोवळ्या कडुलिंबाच्या पानासारखे नऊ खडे चमकत होते. पुसायचं काम माझं. कापसाने एकेक खडा पुसताना मला प्रत्येकाच्या आतली भेग ओळखू यायची. “हे कशासाठी बाबा?” मी एकदाच विचारलं होतं. “नकली दागिन्यांसाठी. नाटकवाले, लग्नातले सेट भाड्याने देणारे, ते नेतात.” मी विश्वास ठेवला. एकोणीस वर्षांची, विज्ञान शिकणारी मुलगी, रत्नांच्या दुकानाचा मालक स्वतः स्कूटरवरून भाड्याच्या दागिन्यांसाठी का येईल असा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही, कारण मला तो पडू द्यायचा नव्हता.

अंगणाच्या पलीकडे मंदाकाकू राहायच्या. त्यांचे यजमान बँकेत, बदली शाजापूरला, फक्त रविवारी घरी यायचे. त्यांची मुलगी चिनू पाच वर्षांची होती आणि बोलत नव्हती. अतिशय गोड पोर. मी कॉलेजातून आले की धावत यायची, मांडीवर चढून बसायची, माझ्या तोंडाकडे एकटक बघत राहायची. ती तीन वर्षांची असताना गल्लीतल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, काही मुलं उशिरा बोलतात. काकूंच्या सासूबाई म्हणाल्या, तिचा बापही उशिराच बोलला. मग कुणीतरी पत्रिका दाखवायला सांगितलं. वाणीचा कारक बुध, तो बिघडलाय, पन्ना घाला. काकूंनी चांदीत मढवलेला हिरवा खडा काळ्या दोऱ्यात ओवून चिनूच्या गळ्यात बांधला. खडा अंगाला टेकायला हवा म्हणून मागून उघडा ठेवला होता.

त्या दिवशी मी काकूंकडे कणसाचा कीस द्यायला गेले होते. त्या खुशीत होत्या. “वासू, चमत्कार बघ,” म्हणत त्यांनी डबीतून एक खडा काढून माझ्या तळहातावर ठेवला. पांढरा, मेलेला खडा. “हा आधीचा. गर्द हिरवा होता गं! शेठजी म्हणाले, घाबरायचं नाही. पन्न्याने मुलीवरची सगळी विपदा आपल्या अंगावर घेतली, म्हणून तो पांढरा पडला. आता दुसरा घातलाय, तोही फिका पडायला लागलाय. म्हणजे निघतेय पीडा.” चिनूला त्या रोज तेल लावून, कढत पाण्याने, साबणाने अंघोळ घालत. मी खडा खिडकीपाशी नेला. आत एका बाजूला पिसासारखी भेग आणि तिच्या टोकाला मुंगीएवढा काळा ठिपका. त्या ठिपक्याची मी बाबांजवळ थट्टा केली होती, मुंगी अडकलीय म्हणून. हा खडा मी माझ्या हाताने पुसला होता.

मी चिनूकडे पाहिलं. ती आमच्याकडे पाठ करून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून बाहुलीला फडकं गुंडाळत होती. तेवढ्यात तिच्या मागे हातभर अंतरावर कुकरची शिट्टी झाली. ओट्याखालचं मांजर उडी मारून पळालं. मी दचकले. चिनूच्या खांद्याची साधी हालचाल झाली नाही. ती शांतपणे बाहुली गुंडाळत राहिली. दुसरी शिट्टी झाली. मी “चिनू!” म्हणून हाक मारली, मग ओरडले. काकू म्हणाल्या, “अगं, तंद्रीत असते ती.” मी पुढे जाऊन चिनूच्या समोर बसले तेव्हा तिने मान वर केली आणि माझ्या ओठांकडे बघत हसली.

घरी येऊन मी बाबांच्या पुढ्यातली तेलाची वाटी उचलून मोरीत ओतली. “नाटकवाले नेतात ना? चिनूच्या गळ्यात आहे तुमचं नाटक!” बाबांनी आधी नाकारलं, मग समजूत घालू लागले. ते काय म्हणाले ते मला शब्दन् शब्द आठवतं. “वासू, ते काच नाहीये. खरंखुरं बेरिल आहे. निसर्गाने त्याला क्रोमियम दिलं नाही, मी रंग दिला, एवढाच फरक. आणि मी विकत नाही. तो काय सांगून विकतो, त्याला मी काय करणार?” जेवताना मला खनिजं शिकवणारा माणूस हाच. मी म्हणाले, “ती पोर बहिरी आहे, बाबा. तिला ऐकू येत नाही. दोन वर्षं झाली, तिची आई तिला डॉक्टरकडे न्यायचं सोडून पत्रिका बघतेय, आता तुमचा रंग धुतेय.” आई आतून आली. तिने दार लावलं आणि मला म्हणाली, “आवाज खाली. घर कशावर चाललंय ते ठाऊक आहे ना तुला?” म्हणजे तिला सगळं माहीत होतं. चिनूच्या गळ्यातलंही. रोज दुपारी त्याच अंगणात मंदाकाकूंबरोबर पापड लाटणाऱ्या माझ्या आईला माहीत होतं.

बाबा म्हणाले, “मी सांगतो मंदावहिनींना. मला दोन दिवस दे.” मी दिले. दोनाचे चार झाले, चाराचे आठ. रोज कॉलेजातून आल्यावर मी विचारायचे, सांगितलंत? ते वर्तमानपत्र उघडायचे. पडवीत स्टोव्ह पुन्हा पेटला होता. या आठ दिवसांबद्दल मी स्वतःलाही सोडत नाही. मला तोंड होतं, काकूंचं दार वीस पावलांवर होतं. बापाची अब्रू बापानेच काढावी, असला काहीतरी शिष्टाचार मी पाळत बसले होते आणि पलीकडे एक मुलगी आणखी आठ दिवस काहीही न ऐकता जगत होती.

नवव्या दिवशी काकू आपणहून आल्या. चिनू कडेवर, गळ्यात तिसरा खडा. हा मोठा होता. काकूंचा उजवा हात मोकळा होता. नेहमीची सोन्याची पाटली नव्हती. “भाऊजी, तुम्हाला पारख आहे म्हणे. शेठजी म्हणाले, असा तुकडा हजारांत एक. बघा ना जरा.” त्यांनी दोरा सोडून खडा बाबांसमोर टेबलावर ठेवला. बाबांनी तो हातात घेतला नाही. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत लावला आणि म्हणाले, “चांगला आहे.”

मी आत जाऊन माझी नेलपॉलिश काढायची बाटली आणली, कापसाचा बोळा भिजवला आणि काकूंच्या देखत तो खडा बोळ्यात धरून चोळला. बाटलीचा उग्र वास खोलीभर पसरला. मी बोळा उघडला. कापूस हिरवागार झाला होता. पुन्हा भिजवला, पुन्हा चोळला. भेगेभेगेतून रंग बाहेर येत होता आणि खडा मळक्या बर्फाच्या तुकड्यासारखा होत चालला होता. “काकू, यात कसली विपदा नाही आणि बुध नाही. हा रंग आहे. तुम्ही रोज साबणाने धुता म्हणून जातो. आणि चिनूला ऐकू येत नाही, तिला इंदूरला घेऊन जा, आजच जा!”

मला वाटलं होतं, त्या रडतील. त्यांनी माझ्या हातावर फटका मारला, खडा जमिनीवर पडला. “बिलकुल बोलू नकोस! तुला आमचं चांगलं बघवत नाही. परवाच ती ‘आ’ म्हणाली, मी स्वतः ऐकलंय. माझी मुलगी बहिरी? तू कोण लागून गेलीस सांगणारी?” चिनू घाबरून एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होती. आमच्या तोंडांकडे. आई म्हणत होती, मंदा, ऐक, पोरगी लहान आहे, तिला काय कळतं. माझीच आई!

तेव्हा बाबा उठले. टेबलाला हात टेकवून उभे राहिले. “मंदावहिनी, वासू खरं बोलतेय. रंग मी दिलाय. याला, आणि आधीच्या दोन्हींना. इथे, या पडवीत.” काकू त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी अगदी हळू विचारलं, “रोज आमच्याकडे दूध मागायला, वाटी घेऊन तुम्हीच यायचात ना?” बाबा म्हणाले, “हो.” “चिनूला कडेवर घ्यायचात.” “हो.” काकूंनी चिनूला उचललं आणि त्या गेल्या. खडा आमच्याच जमिनीवर पडून राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी अंगणातून मला नुसती खूण केली. देवास गेटवरून आम्ही इंदूरची बस धरली. बाबा चप्पल घालून तयार होऊन दारात आले होते, त्यांना त्या एवढंच म्हणाल्या, “तुम्ही नको.” इंदूरच्या डॉक्टरांनी चिनूला एका बंद खोलीत बसवून तपासलं. बाहेर येऊन त्यांनी कागद पुढे केला आणि हिंदीत विचारलं की आजवर कुठे होता तुम्ही. कानाला मशीन लागेल, थोडंफार ऐकू येईल, पण बोलणं शिकायची जी वर्षं असतात त्यातली बरीच हातची गेली. काकूंनी विचारलं, दोन वर्षांपूर्वी आणलं असतं तर? डॉक्टर म्हणाले, तर फार फरक पडला असता. त्यांनी ते सहज सांगितलं. त्यांना काय माहीत होतं?

पुढे काय झालं ते थोडक्यात सांगते. काकू वर्षभरात घर बदलून चिनूच्या शाळेसाठी इंदूरला गेल्या. जाताना आईशीही बोलल्या नाहीत. बाबांनी शेठजींची पोटली परत केली आणि भैरवगढला एका छिप्याकडे, म्हणजे कापडावर ठसे छापणाऱ्याकडे, चादरींचे रंग कालवायच्या कामाला जाऊ लागले. पन्नाशीच्या घरातला केमिस्ट, हाताखाली मजुरासारखा. त्यांनी ते शेवटपर्यंत केलं, तक्रार न करता. लोक मला सांगायचे, तुझ्या वडिलांनी प्रायश्चित्त घेतलं, आता सोड. मी सोडलं नाही. त्यांच्याशी बोलायचे, औषधं द्यायचे, शेवटच्या आजारात पाय चेपले. पण पुन्हा कधी त्यांच्या पुढ्यात बसून “हे काय आहे बाबा, सांगा ना” असं म्हणाले नाही. ते वाट बघायचे, हे मला कळायचं. आणि शेठजी? काकू आणि मी पोलिसांत गेलो होतो, तिथल्या माणसाने स्वतःच्या करंगळीतली अंगठी फिरवत आमचं नुसतं ऐकून घेतलं. ते दुकान आता तीन मजली आहे. मुलगा बसतो. देवळात दर्शनाला आलेल्यांच्या गाड्या बाहेर उभ्या असतात.

गेल्या वर्षी मंदाकाकू गेल्याचं कळलं. मी इंदूरला चिनूला भेटायला गेले. ती मूकबधिर मुलांच्या शाळेत शिकवते, तिचा नवराही तिथेच आहे. तिने मला लगेच ओळखलं. बोलते ती थोडं, पण नव्या माणसाला ते समजायला वेळ लागतो, म्हणून फोनवर लिहून दाखवते, आणि शाळा हिंदी झाल्यामुळे हिंदीतच लिहिते. मी तिला सगळं सांगायचं ठरवून गेले होते. रंगाचं, बाबांचं, त्या आठ दिवसांचं. मी लिहायला सुरुवात केली, तर तिने माझा हात धरून थांबवलं आणि स्वतः लिहिलं, “रंग वाली बात माँ ने बहुत पहले बता दी थी। अंकल पर मुझे गुस्सा नहीं आता।” माझे डोळे भरून आले. ती पुढे लिहीत राहिली. मग फोन माझ्यासमोर धरला. “पर आप मुझे रोज़ गोद में लेती थीं। दो साल। आपको कैसे पता नहीं चला?”

मी ते तीनदा वाचलं. तिच्या चेहऱ्यावर कडवटपणा नव्हता, ती खरोखर विचारत होती. मी फोन हातात घेतला. काहीबाही लिहिलं, पुसलं. कॉलेज होतं, मी लहान होते, तेव्हा कुणालाच कळत नव्हतं, असं सगळं लिहिलं आणि पुसलं. शेवटी इतकंच लिहिलं, “मैंने ध्यान ही नहीं दिया।”

तिने वाचलं. “हाँ,” ती म्हणाली, तोंडाने, मोठ्याने. मग उठली आणि चहा टाकायला आत गेली.